एंटेरोकॉकस : रुग्णालयातील संसर्ग

माणसाच्या आणि इतर अनेक प्राण्यांच्या आतड्यात राहणाऱ्या एंटेरोकॉकस या गोलाकार, ग्रॅम-रंजी जीवाणूंमुळे प्रामुख्याने रुग्णालयात दाखल असलेल्या माणसांना होणारा संसर्ग. आतड्यातील एकूण जीवाणूंमध्ये यांचे प्रमाण सहसा एक टक्क्याहूनही कमी असते. निरोगी शरीरात ते उपद्रव करत नाहीत. रुग्णांत आढळणाऱ्या जाती मुख्यतः दोन : एंटेरोकॉकस फीकॅलिस आणि एंटेरोकॉकस फीशियम. पहिली अधिक प्रमाणात सापडते, दुसरी औषधांना कमी दाद देते.

हा संसर्ग जंतूच्या जहालपणापेक्षा उपचारांच्या परिस्थितीतून घडतो. त्यामुळे तो बऱ्याच अंशी टाळता येतो, आणि या विषयात सर्वांत महत्त्वाची बाब हीच आहे.

आतड्यात राहणारा निरुपद्रवी जंतू रोगकारक होऊ शकतो, हे फ्रान्समध्ये तिएर्सलँ यांनी 1899 मध्येच मांडले होते. त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्कॅलम आणि हेस्टिंग्ज यांनी हृदयाच्या झडपांचा संसर्ग झालेल्या रुग्णात असाच जंतू सापडल्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ त्याची गणना स्ट्रेप्टोकॉकस या प्रजातीत होत राहिली. 1984 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचे स्थान मिळाले.

या जंतूचा चिवटपणा विलक्षण आहे. 10 ते 45 अंश सेल्सिअस तापमानात तो वाढतो, 60 अंशांवर अर्धा तास तग धरतो, 6.5 टक्के मिठाच्या द्रावणात आणि पित्तरसातही वाढतो. कोरड्या पृष्ठभागावर तो आठवडेच नव्हे, तर कधी कधी महिनोन् महिने जिवंत राहतो. विविध जातींच्या जनुकसंचांची तुलना करून 2017 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी असा निष्कर्ष काढला, की या प्रजातीचा उगम 40 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, प्राणी पाण्यातून जमिनीवर येऊ लागले त्या सुमाराचा असावा. आतड्याबाहेर पडल्यावर पाण्याऐवजी कोरड्या मातीत टिकण्याची गरज तेव्हाच निर्माण झाली. खाटेचा कठडा, रक्तदाब मोजण्याचा पट्टा, बेडपॅन, दरवाजाची मूठ येथे हाच गुण आज त्याच्या कामी येतो.

संसर्गाची सुरुवात बहुतेक वेळा प्रतिजैविकांपासून होते. सेफॅलोस्पोरिन गटातील औषधे रुग्णालयांत सर्रास वापरली जातात आणि एंटेरोकॉकसवर त्यांचा उपजतच परिणाम होत नाही. ऑक्सिजनविरहित वातावरणात राहणारे जीवाणू मारणारी औषधे सोबत असली, की आतड्यातील बाकीची वस्ती उजाड होते. उभे पीक उपटल्यावर रानात तण माजावे तसा एंटेरोकॉकस फोफावतो. यामागे आणखी एक कारण आहे. इतर जीवाणूंच्या सान्निध्यामुळे आतड्याचे अस्तर एक जंतुनाशक प्रथिन स्रवत असते. ते जीवाणू गेले, की हा स्राव घटतो आणि एंटेरोकॉकसला आवर घालणारे काही उरत नाही. न्यूयॉर्कमधील एका कर्करोग रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांच्या आतड्यात एंटेरोकॉकसचे वर्चस्व निर्माण झाले होते, त्यांच्या रक्तात व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा एंटेरोकॉकस उतरण्याचा धोका सुमारे नऊपट आढळला.

आतड्यातून तो लघवीच्या नळीवाटे मूत्रमार्गात, शिरेत बसवलेल्या नळीवाटे रक्तात, शस्त्रक्रियेच्या जखमेत किंवा पित्तमार्गात पोहोचतो. सर्वांत गंभीर प्रकार हृदयाच्या झडपांच्या संसर्गाचा, म्हणजे एंडोकार्डायटिसचा. त्यावर चार ते सहा आठवडे शिरेतून औषधे द्यावी लागतात. एकटे पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन या जंतूची वाढ रोखते, पण त्याला पुरते मारत नाही; म्हणून जेंटामायसिनची जोड देतात. फीकॅलिस जातीसाठी अलीकडे अँपिसिलिनसोबत सेफ्ट्रिॲक्झोन दिले जाते. एकटे असताना पूर्ण निरुपयोगी ठरणारे हे सेफॅलोस्पोरिन जोडीने मात्र काम करते, कारण दोन्ही औषधे जंतूची भित्तिका बांधणाऱ्या वेगवेगळ्या प्रथिनांना जखडतात.

रुग्णालयात पसरलेल्या फीशियम वाणांवर अँपिसिलिन बहुधा चालत नाही. तेथे भिस्त व्हँकोमायसिनवर होती. 1958 पासून वापरात असलेल्या या औषधाला न जुमानणारे एंटेरोकॉकस 1988 मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधून नोंदले गेले. व्हँकोमायसिन जंतूच्या भित्तिकेच्या घटकांतील शेवटच्या दोन डी-ॲलानिन रेणूंना चिकटते. प्रतिरोधक जंतू यांतील शेवटचा रेणू बदलून तेथे डी-लॅक्टेट बसवतो आणि औषधाची पकड सुमारे हजारपटीने सैल होते. अमेरिकेत रुग्णालयातील एंटेरोकॉकस संसर्गांपैकी व्हँकोमायसिनला दाद न देणाऱ्यांचे प्रमाण 1989 मध्ये 0.3 टक्के होते. 1993 मध्ये ते 7.9 टक्क्यांवर गेले.

युरोपात या प्रतिरोधाच्या प्रसाराची वाट वेगळी होती. तेथे कोंबड्या आणि डुकरांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात ॲव्होपार्सिन हे व्हँकोमायसिनचेच भावंड घालत असत. परिणामी कधी रुग्णालयाची पायरी न चढलेल्या निरोगी माणसांच्या आतड्यातही प्रतिरोधक एंटेरोकॉकस सापडू लागले. डेन्मार्कने 1995 मध्ये आणि युरोपीय संघाने 1997 मध्ये ॲव्होपार्सिन बंद केले. खाद्यातील औषधाचा माणसांच्या आजाराशी संबंध नसतो, असे मानणे किती महाग पडू शकते, याचा हा ठळक दाखला आहे.

प्रतिरोधाची ही जनुके एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. 2002 मध्ये मिशिगन राज्यात डायलिसिसवर असलेल्या एका रुग्णात स्टॅफिलोकॉकस ऑरियस या कितीतरी आक्रमक जंतूला ती एंटेरोकॉकसकडून मिळाल्याचे दिसले. लिनेझोलिड आणि डॅप्टोमायसिन ही पुढची औषधे उपलब्ध आहेत, परंतु त्यांनाही प्रतिरोध निर्माण झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 आणि 2024 च्या प्राधान्ययादीत व्हँकोमायसिन-प्रतिरोधक फीशियमला उच्च गटात ठेवले आहे. भारतातही असे जंतू आढळतात. मात्र येथील अतिदक्षता विभागांत क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांसारख्या ग्रॅम-अरंजी जंतूंचा भार अधिक असल्याने एंटेरोकॉकसकडे लक्ष कमी जाते.

निदानात एक फरक काटेकोरपणे पाळावा लागतो. जंतूची नुसती वस्ती असणे निराळे आणि संसर्ग होणे निराळे. नळी घातलेल्या रुग्णाच्या लघवीच्या कल्चरमध्ये एंटेरोकॉकस निघाला, पण ताप नाही, वेदना नाही, इतर लक्षणे नाहीत, तर सर्वसाधारणपणे प्रतिजैविक देण्याचे कारण नसते. केवळ अहवाल पाहून सुरू केलेले औषध आतड्यातील उरलीसुरली वस्तीही नष्ट करते, आणि पुढचा संसर्ग अधिक प्रतिरोधक जंतूचा होऊ शकतो. अशा वेळी नळीची गरज संपली असल्यास ती काढणे हाच बहुधा योग्य उपचार.

प्रतिबंधाचा मोठा भाग हातांवर अवलंबून आहे. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातील मावशी आणि आपल्याकडे रुग्णाजवळ दिवसरात्र बसणारे नातेवाईक, सर्वांच्याच. नातेवाईक लघवीची पिशवी रिकामी करतात, बेडपॅन उचलतात आणि पुष्कळदा शेजारच्या खाटेवरील रुग्णालाही मदत करतात. त्यांना हात धुण्याची रीत शिकवणे हे रुग्णालयाचे काम आहे. अल्कोहोलयुक्त द्रावण उपयोगी आहेच. तरी मेलबर्नच्या रुग्णालयांतून 1997 ते 2015 या काळात जमवलेल्या फीशियम नमुन्यांपैकी 2010 नंतरचे नमुने अल्कोहोल अधिक सहन करत असल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. म्हणून हातांना द्रावण पुरेसे आणि पूर्ण वेळ चोळणे, तसेच खाटा व उपकरणे क्लोरीनयुक्त जंतुनाशकाने पुसणे आवश्यक ठरते. अतिदक्षता विभागातील रुग्णांचे अंग रोज क्लोरहेक्सिडिनने पुसल्यास प्रतिरोधक जंतूंचा फैलाव कमी होतो.

प्रतिरोधक एंटेरोकॉकसची आतड्यातील वस्ती घरी परतल्यावरही अनेक महिने टिकू शकते. ती औषधाने हटवण्याचा खात्रीचा उपाय नाही. घरात वेगळे राहण्याची आवश्यकता नसते. पुन्हा कोठेही दाखल होताना पूर्वीचा कल्चर अहवाल दाखवावा, म्हणजे सुरुवातीचे औषध निवडताना आणि खाट कोठे द्यायची हे ठरवताना त्याचा उपयोग होतो.