उंबरठ्यापासून ओट्यापर्यंत

इतिहासात माणसं किती थोर कारणांनी आडवी झाली! कुणी पानिपतावर, कुणी वॉटर्लूवर. मी आडवा झालो तो गव्हाच्या पाच किलोंच्या पिशवीपुढं.

पिशवी घरपोच आली होती. घरपोच म्हणजे नेमकं कुठपर्यंत, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. सामान आणणारा मुलगा बेल वाजवतो, पिशवी दारात जमिनीवर ठेवतो आणि आपण 'थँक्यू' म्हणेपर्यंत जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पोचलेला असतो. तिथून पुढचा, उंबरठ्यापासून ओट्यापर्यंतचा प्रवास ज्याचा त्यानं करायचा. मी वाकलो, पिशवीला हात घातला आणि कमरेत अशी चमक निघाली की मी आणि गहू, दोघेही होतो तिथंच राहिलो. आतून सौ. म्हणाली, "अहो, काय आलंय?" मी 'ग' काढला. 'हू' काही निघेना.

पुढं तीन दिवस छताकडं बघत पडलो होतो. अशा वेळी माणसाला लहानपण आठवतं. मला पोती आठवली.

पुण्यात आमच्या वाड्यात उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरलं जाई. तेव्हा भुसार बाजार भवानी पेठेत होता. गुलटेकडीला तो नंतर गेला. तिथून हातगाडीवर पोती यायची. मेट्रिक वजनं १९५८ पासून सुरू झाली होती, पण आजीनं त्यांना उंबरठ्याच्या आत घेतलं नव्हतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हेच तिचं राज्य. हमालाला मात्र किलो काय आणि पायली काय, पोतं ते पोतंच. शंभर किलोंचं पोतं पाठीवर, हातात लोखंडी आकडा, आणि समोर आमचा जिना. हा जिना असा अरुंद आणि अंधारा की पाहुणे दोरीला धरून चढत. हमाल तिथून पोतं घेऊन वर येई, माजघरातल्या कणगीत रिकामं करी, पोतं झटकून घडी करून देई. म्हणजे खरं घरपोच ते! आई त्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी द्यायची. वडील हमालीच्या पैशांवरून घासाघीस करायचे. कणगीच्या तोंडाशी उभं राहून धान्याचा सर्र आवाज ऐकायचा, हे माझं काम.

त्या माणसाची पाठ दुखत असेल, हा विचार आमच्या घरात कुणाच्या मनाला शिवल्याचं मला आठवत नाही. पाठ दुखायची ती वडिलांची. ते कचेरीत बसून असत.

वडिलांच्या दुखण्याला आजी 'उसण भरली' म्हणे, आमचे वैद्यबुवा 'गृध्रसी' म्हणत. मणक्यांमधली चकती सरकून शीर दाबली जाते, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिलं होतं, पण ती बातमी आमच्या पेठेत यायला वेळ लागला. पुढं साठच्या दशकात नॅकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. (सुई टोचून घ्यायला तयार झालेल्या त्या स्वीडिश मंडळींना माझा नमस्कार.) निघालं असं, की उभं राहण्यापेक्षा बसण्यानं दाब जास्त येतो. वडील हयात असते तर त्यांनी हे कात्रण कपाटाला चिकटवलं असतं. पण त्याच मोजणीत पुढं असंही निघालं, की ओझं घेऊन पुढं वाकल्यावर दाब त्याहूनही किती तरी वाढतो. हे कात्रण हमालाच्या कामाचं होतं. ते त्याला दाखवणार कोण?

दाखवणारी माणसं निघाली, पण ती आमच्या घरातली नव्हती. डॉ. बाबा आढावांनी पुण्यात हमाल पंचायत पन्नासच्या दशकातच उभी केली होती. एका पुरुषानं वाहायचं ओझं ५५ किलोंवर नसावं, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ साली केली. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. १९७४ साली हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' सुरू केली. तिथली झुणका-भाकर मी कॉलेजात असताना पुष्कळदा खाल्ली आहे, स्वस्त मिळते म्हणून. पोतं पन्नास किलोंवर यायला मात्र आणखी बरीच वर्षं गेली.

तर आता माझी पाठ. १९८१ साली ती पहिल्यांदा धरली तेव्हा डॉक्टरांनी गादीखाली फळी घालून तीन आठवडे झोपवलं होतं. १९८६ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. त्यात सात दिवस झोपून राहिलेल्यांपेक्षा दोनच दिवस झोपलेले काही कमी बरे झाले नाहीत, उलट कामावर लवकर गेले. माझे उरलेले एकोणीस दिवस मी कुणाकडं मागायचे? आताचे डॉक्टर 'हिंडाफिरा' म्हणतात. उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघ्यात वाका, ओझं छातीशी धरा. मी गुडघ्यांना तसं विचारलं. त्यांनी नकार दिला.

मग मी डोकं चालवलं. सगळं एक-एक किलोचं मागवायचं. सोमवारी गहू, मंगळवारी तांदूळ, बुधवारी साखर. घरपोचीचा आकार रोज पडू लागला तशी सौ. हिशेबाची वही घेऊन समोर बसू लागली, पण माझी पाठ खूश होती. आठवडाभर.

शनिवारी तोच मुलगा तूरडाळ घेऊन आला. आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि आम्ही तिसऱ्यावर. दारात त्यानं भिंतीला टेकून कमरेवर हात ठेवला. टी-शर्टाखाली पट्टा दिसला. माझ्याकडं आहे तसाच, फक्त जास्त मळलेला.

"काका," तो म्हणाला, "राग मानू नका, पण सगळं एकदमच मागवत जा ना. मी आत आणून देतो. रोज तीन जिने नाही होत."

मी आतून स्टूल आणलं. त्यावर मी पिशवी ठेवायला सांगणार होतो, पण तो स्वतःच बसला. सौ.नं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पाणी पिऊन त्यानं मोबाइलमध्ये वेळ पाहिली, पिशवी उचलली आणि चपला दारात काढत विचारलं,

"काकू, डाळीचा डबा कुठला?"