'बंधारे पाण्याखाली' म्हणजे नेमकं काय? कोल्हापूरच्या पुलांची गोष्ट समजून घ्या

जुलै महिना लागला की कोल्हापूरकरांच्या मोबाईलवर एकाच प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी इतके फूट, जिल्ह्यातले इतके बंधारे पाण्याखाली.

बाहेरगावच्या माणसाला प्रश्न पडतो, बंधारा तर पाण्यातच असतो. तो पाण्याखाली गेला तर बातमी कसली?

बातमी असते, कारण कोल्हापुरात बंधारा हाच अनेक गावांचा पूल आहे.

बंधाऱ्याचा पूल कसा झाला?

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते. पाचवी नदी म्हणजे गुप्त सरस्वती, असं मानलं जातं. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. शेजारच्या गावात जायचं म्हटलं तरी इथे नदी आडवी येते.

या नद्यांवर जे बंधारे आहेत त्यांना राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' म्हणतात. रचना सोपी आहे. नदीपात्रात ठरावीक अंतरावर दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे करायचे. खांबांना खाचा ठेवायच्या आणि पावसाळा संपला की त्या खाचांमध्ये फळ्या बसवायच्या. या फळ्यांना 'बरगे' म्हणतात. पाणी अडतं आणि उन्हाळ्यात उसाला मिळतं. जूनमध्ये बरगे काढले की पुराचं पाणी खांबांमधून निघून जातं.

आता खांब उभे आहेतच, तर वर स्लॅब टाकला की रस्ता तयार. वेगळ्या पुलाचा खर्च वाचतो. शाळेत जाणारी पोरं, दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या मोटारसायकली, उसाचे ट्रॅक्टर असे सगळे त्यावरूनच जातात. कसबा बावडा आणि वडणगे यांना जोडणारा राजाराम बंधारा त्यातलाच एक.

पण यात एक अडचण आहे. बंधारा पाणी अडवण्यासाठी बांधलेला असतो, त्यामुळे त्याची उंची कमी असते. नदी थोडी वाढली की सगळ्यात आधी तोच बुडतो. मग समोर दिसणाऱ्या गावाला जायलाही लांबचा वळसा पडतो. म्हणून 'बंधारे पाण्याखाली' या बातमीचा खरा अर्थ असतो, गावांचे रस्ते बंद.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्याही पुढे गेलं होतं.

शिवाजी पूल का गाजला?

कोल्हापूरहून पन्हाळा, जोतिबा किंवा रत्नागिरीकडे निघालं की पंचगंगेवर शिवाजी पूल लागतो. हा दगडी कमानींचा जुना पूल १८७८ मध्ये पूर्ण झाला. बैलगाड्यांच्या काळात बांधलेला हा अरुंद पूल पुढे कोकणात जाणाऱ्या ट्रक आणि बसचाही भार वाहत राहिला.

शेजारी पर्यायी पूल बांधायचं ठरलं, कामही सुरू झालं. बरंचसं बांधकाम झालं आणि मग ते थांबलं. कारण होतं ब्रह्मपुरी टेकडी.

नदीकाठची ही टेकडी संरक्षित प्राचीन स्थळ आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे उत्खनन केलं. ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचे धागे थेट रोमन जगाशी जुळलेले होते, याचा हा पुरावा.

२०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. सार्वजनिक कामांनाही त्यातून सूट नव्हती. पूल नेमका या हद्दीत आला.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि दोन एसटी बससह काही वाहनं वाहून गेली. राज्यातल्या सगळ्याच जुन्या पुलांची चर्चा सुरू झाली. सावित्रीवरचा नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये सुरूही झाला. कोल्हापूरचा पर्यायी पूल मात्र अर्धवटच राहिला.

कायद्यात बदल करणारं विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडकलं. त्याच महिन्यात, २६ जानेवारीच्या रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जणांचा मृत्यू झाला.

इथे वारसा जपायचा की पूल बांधायचा, असा सोपा सवाल नव्हता. दोन्ही गोष्टी गरजेच्या होत्या. पण जागा ठरवतानाच हा प्रश्न सुटला असता, तर पूल अर्ध्यावर लटकला नसता. पुढे तो पूर्ण झाला आणि त्यावरून वाहतूक सुरू झाली.

पूल शाबूत, मग रस्ता बंद का?

नवा पूल झाला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. शिवाजी पूल ओलांडला की आंबेवाडी, चिखलीकडचा सखल भाग लागतो. 'रेडेडोह फुटला' ही कोल्हापूरची दरवर्षीची आणखी एक बातमी. म्हणजे नदीचं पाणी या भागातून पात्राबाहेर पडलं आणि पन्हाळा-रत्नागिरी रस्त्यावर आलं. पूल उंच उभा असतो, पण तिथपर्यंत जाताच येत नाही.

पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोलीजवळ हेच झालं. २०१९ मध्ये तो जवळपास आठवडाभर बंद होता. ट्रकच्या रांगा लागल्या. शहरात दूध, भाजी आणि पेट्रोलची टंचाई झाली.

त्यावर सोपा उपाय सुचवला जातो, मातीचा भराव टाकून रस्ता उंच करायचा. पण पूरमैदानात टाकलेला भराव स्वतःच धरणासारखा पाणी अडवतो आणि वरच्या अंगाच्या गावांचा पूर वाढू शकतो. म्हणून भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता करा, अशी मागणी होते. तो महाग पडतो, पण पाण्याला वाट राहते.

थोडक्यात, पूल म्हणजे फक्त नदीवरचा भाग नाही. त्याचा जोडरस्ताही तितकाच महत्त्वाचा.

माणसांमधला पूल

कोल्हापुरात दोन काठ फक्त नदीलाच नव्हते. संस्थानातले एक कर्मचारी गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली होती. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना मदत केली आणि कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं.

पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायला लागले, आणि सोबतच्यांनाही द्यायला लागले.

हॉटेल उघडणं हा पूल होता आणि महाराजांचं तिथे थांबणं हा त्याचा जोडरस्ता. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, त्यामागेही हाच विचार दिसतो. शिक्षणाचा हक्क कागदावर असून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात राहायला खोलीही लागते.

आजही दाखले काढायच्या सरकारी केंद्राचं नाव 'सेतू' आहे. ते गावापासून किती लांब आहे आणि तिथे किती फेऱ्या माराव्या लागतात, यावरच तो सेतू खरा की नावापुरता हे ठरतं.

पावसाळ्यात हे लक्षात ठेवा

रोजचा रस्ता आहे, पाणी तर थोडंच दिसतंय, असं म्हणून अनेक जण बुडालेल्या बंधाऱ्यावर गाडी घालतात. साधारण दोन फूट वेगाने वाहणारं पाणी बहुतेक चारचाकी गाड्या वाहून नेऊ शकतं. दुचाकीला आणि चालणाऱ्या माणसाला त्याहून कमी पाणी पुरतं. शिवाय स्लॅबची कड कुठे संपते, हे गढूळ पाण्यात दिसत नाही. बहुतेक बंधाऱ्यांना कठडेही नसतात.

त्यामुळे 'बंधारा पाण्याखाली' हा मेसेज आला की त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा, आज हा पूल नाही. वळसा लांबचा असला तरी तोच घ्यायचा.