सेवाग्रामची माती आणि अंकुशकृमी

मागच्या वेळी आपण सेवाग्रामच्या हिवतापाबद्दल बोललो. आज त्याच्या शेजारचा विषय घेऊ या.

६ मे १९४४ रोजी गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटले. हिवतापाने खंगलेले होतेच. पुढच्या तपासण्यांत पोटात अमिबा आणि अंकुशकृमीही निघाले. चरित्रं ही गोष्ट ओळीभरात उरकतात. आपल्याला मात्र इथे थांबायला हवं. कारण हाच माणूस १९३६ पासून सेगावात (सेवाग्राम हे नाव १९४० चं) सांगत होता की मैल्यावर माती टाका. त्याआधी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात मीराबेन आणि महादेवभाईंनी तो स्वतःच्या हातांनी उचलला होता.

गांधीजी डॉ. पूर या इंग्रज डॉक्टरांच्या पुस्तकाचा आधार देत. मैला नऊ ते बारा इंचांपेक्षा खोल पुरू नये, वरच्या थरातले सूक्ष्म जीव त्याचं लवकर खत करतात, असं त्यांचं म्हणणं. खत म्हणून ते बरोबरच आहे. पण हाच उथळ, ओलसर थर अंकुशकृमीलाही मानवतो! विष्ठेतलं अंडं एक-दोन दिवसांत फुटतं, अळी दोनदा कात टाकते, आठवड्याभरात तयार होते आणि ओल्या, भुसभुशीत मातीतून वर येते. मग अनवाणी पाय. कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून वर घशात आणि गिळली गेली की आतड्यात. कातडीचा हा रस्ता कैरोत आर्थर लूस यांच्या ध्यानात आला, तोही हातावर अळ्यांचं पाणी सांडल्यामुळे. आतड्यात जंत वर्षानुवर्षं रक्त पितो. म्हणजे खत शेताला मिळतं आणि निंदायला बसलेल्या बाईचं रक्त कमी होतं.

म्हणून गांधीजी चुकले असं आम्ही म्हणणार नाही. उघड्यावरच्या मैल्यापेक्षा झाकलेला केव्हाही बरा, माश्या तरी बसत नाहीत. शिवाय वर्ध्याची चिकण काळी माती या अळीला वाळूमिश्रित मातीइतकी सोयीची नाही, आणि मे महिन्याचं ऊन तर तिला मारतंच. प्रश्न पावसाळ्याचा, आणि पायात चप्पल नसण्याचा.

आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींबरोबर डॉ. सुशीला नय्यरही कैदेत होत्या. पुढे १९६९ साली त्यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. तिथले विद्यार्थी सुरुवातीलाच आश्रमात राहतात, मग एखाद्या गावात मुक्काम करून घरोघरी जातात. त्या गावांतला हत्तीरोग आपण पुढच्या वेळी पाहू.