विंचवाचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा थट्टेनें योजतों. ज्याला स्थिर घरदार नाहीं, जो आज येथें तर उद्यां तेथें, त्याच्याविषयीं घरंदाज माणसाच्या मनांत असणारी थोडी कींव व थोडा संशय तींत सांठलेला आहे. घिसाड्याची गाडी गांवाबाहेर सुटली, किंवा ऊसतोडीच्या कोप्या मळ्याच्या कडेला उभ्या राहिल्या, म्हणजे गांवकरी त्यांच्याकडे ज्या दृष्टीनें पाहतो ती हीच. परंतु गेल्या पावणेदोनशें वर्षांतील पुष्कळ मोठीं कामें असल्या पाठीवरच्या बिऱ्हाडांनींच उभीं केलेलीं आहेत. काम असेल तेथें चाकांवरचें घर नेऊन राहण्याच्या या प्रघाताचा एक प्रसंग आम्ही येथें थोड्या विस्तारानें सांगणार आहों. त्यांतून निघणारा प्रश्न केवळ राहण्याच्या सोयीचा नाहीं.

या प्रघाताचा उगम मोटारीच्या वेगांत नसून यंत्राच्या मंदगतींत आहे, ही गोष्ट प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. इंग्लंडांत जॉन फाउलर यानें 1858 सालीं वाफेच्या नांगराबद्दल तेथील शाही कृषिसंस्थेचें बक्षीस मिळविलें. पुढें शेताच्या दोन टोकांस दोन इंजिनें ठेवून तारेच्या दोरानें नांगर इकडून तिकडे ओढण्याची पद्धत रूढ झाली. हीं इंजिनें भाड्यानें एका मळ्यावरून दुसऱ्यावर जात. 1865 च्या कायद्यानें अशा इंजिनांस उघड्या रस्त्यावर ताशीं चार व वस्तींत ताशीं दोन मैलांहून अधिक वेगानें जाण्याची मनाई केली होती. पुढें तांबडें निशाण घेऊन एक माणूस चालत असे. असें यंत्र घेऊन निघालेला मनुष्य संध्याकाळीं घरीं परतणार कसा? म्हणून इंजिनामागें एक लांकडी खोली चाकांवर जोडूं लागले. तींत एक शेगडी, निजावयाच्या फळ्या आणि स्वयंपाकास एक पोरगा. रस्त्यावर रूळ फिरविणारेही पुढें अशाच गाड्यांतून राहूं लागले. पण हा केवळ पुरुषांचा निवारा होता. संसार मागें गांवींच राही.

संसार चाकांवर चढला तो अमेरिकेंत, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत. मोटारीमागें जोडून न्यावयाच्या घरास तिकडे ट्रेलर म्हणतात. इंजिन व घर एकाच सांगाड्यावर बसविलें म्हणजे त्याचें मोटरहोम होतें. सहलीसाठीं निघालेली ही सोय 1929 नंतरच्या मंदींत पुष्कळांचें एकमेव घर बनली. पुढें युद्ध आलें. 1942 सालीं टायरांवर व मागोमाग पेट्रोलवर नियंत्रण बसलें, आणि दूरच्या गांवाहून रोज कामावर ये-जा करणें दुरापास्त झालें. सरकारनेंही युद्धकामगारांच्या वसतीसाठीं हजारों ट्रेलर विकत घेतले. अशा घरांचा जो सर्वांत मोठा तळ पडला, त्याचें नांव हॅनफर्ड.

1943 च्या प्रारंभीं अमेरिकन सैन्यानें वॉशिंग्टन राज्यांतील कोलंबिया नदीच्या कांठचा हा प्रदेश एका गुप्त कामासाठीं निवडला. नदीचें थंड व विपुल पाणी, ग्रँड कूली धरणाची वीज आणि विरळ वस्ती हीं त्या निवडीचीं कारणें होतीं. परंतु विरळ म्हणजे निर्जन नव्हे. हॅनफर्ड, व्हाइट ब्लफ्स व रिचलंड या गांवांतून आणि आसपासच्या मळ्यांतून सुमारें 1,500 माणसें राहत होतीं. रुक्ष जमिनींत पाटाचें पाणी आणून त्यांनीं फळबागा वाढविल्या होत्या. त्यांना घरें सोडण्याच्या नोटिसा आल्या. कित्येकांस महिन्याभराचीच मुदत मिळाली. कशासाठीं, हें कोणीं सांगितलें नाहीं. व्हाइट ब्लफ्सच्या दफनभूमींतील मृतांचे अवशेष देखील उकरून दुसरीकडे नेण्यांत आले. त्या नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरीत आलेल्या वनापम लोकांसही तो कांठ बंद झाला.

अशा रीतीनें ज्यांचीं घरें जमिनींत रुजलेलीं होतीं ते उठले, आणि त्यांच्या जागीं तात्पुरत्या वस्तीचें एक शहर उभें राहिलें. काम ड्यू पाँट कंपनीकडे होतें. 1944 च्या उन्हाळ्यांत छावणींतील वस्ती 50,000 च्या आसपास गेली. बहुतेकांचा मुक्काम बराकींत असे. तेथें पुरुष एका बाजूस व स्त्रिया कुंपणापलीकडे. नवराबायको दोघेंही कामावर असलीं तरी त्यांचीं बिऱ्हाडें निराळीं. काळ्या मजुरांच्या बराकी गोऱ्यांच्या बराकींपासून वेगळ्या. जेवण आठ प्रचंड भोजनगृहांतून मिळे. ज्यास कुटुंब सोडवत नव्हतें, त्यास ट्रेलर हा एकच आधार होता. स्नानाला व धुण्याला सामाईक न्हाणीघरांत जावें लागे. आंत चार माणसें उभीं राहिलीं कीं पांचव्यास जागा नसे. तरीही चूल आपली होती, मुलें जवळ होतीं, आणि त्यांच्यासाठीं छावणींत शाळाही होती. बांधकामासाठीं जमीन उकरल्यामुळें वारा सुटला कीं धुळीनें दिशा झांकून जात, आणि मागोमाग काम सोडणाऱ्यांची रीघ लागे. मजूर त्या वाऱ्यास ‘नोकरी संपविणारा वारा’ म्हणत. अशा वाऱ्यांत पत्र्याच्या दारापाठीमागें ज्या गृहिणीनें संसार सांभाळला, तिला बेघर म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं.

मात्र आपण काय बांधीत आहों, हें त्या हजारोंपैकीं अगदीं थोड्यांनाच ठाऊक होतें. 1944 च्या जुलैंत तेथील कामगारांनीं एकेका दिवसाचा पगार देऊन सैन्यासाठीं एक बाँबफेकें विमान विकत घेतलें, व त्याचें नांवही ‘एका दिवसाचा पगार’ या अर्थाचेंच ठेवलें. युद्धाला आपण हातभार लावला याचा त्यांना अभिमान वाटला. आपल्या उरलेल्या सर्व दिवसांच्या श्रमांतून काय निपजत आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. 26 सप्टेंबर 1944 रोजीं तेथील पहिली अणुभट्टी पेटली. 1945 च्या प्रारंभीं बांधकामाची छावणी बंद झाली. ट्रेलर मोटारींना जोडले गेले आणि कुटुंबें नव्या कामाच्या शोधांत पांगलीं. 9 ऑगस्ट 1945 रोजीं नागासाकीवर जो बाँब पडला, त्यांतील प्लुटोनियम हॅनफर्डचें होतें.

चाकांवरचीं घरें गेलीं. पण कामाचा शेष मागें राहिला. युद्धकाळापासून पुढें चार दशकांहून अधिक काळ तेथें प्लुटोनियम निघत होतें. त्यांतून सांचलेलें सुमारें 5 कोटी 60 लाख गॅलन किरणोत्सर्गी द्रव्य जमिनीखालील 177 टाक्यांत भरून ठेवण्यांत आलें, व त्यांपैकीं कित्येक टाक्या पाझरल्या. 1989 सालीं सफाईचा करार झाला. ती सफाई अद्याप पुरी झालेली नाहीं. प्लुटोनियमची धग निम्मी होण्यासच सुमारें 24,000 वर्षें लागतात.

आम्हांस त्या मजुरांना दोष द्यावयाचा नाहीं. पोटासाठीं आलेल्या माणसानें दिलेलें काम इमानानें केलें. त्यापलीकडे त्याला कोणीं कांहीं विचारलें नाहीं व सांगितलेंही नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, काम संपतांच उचलतां येणारें घर मजुराला जितकें सोयीचें, त्याहून तें काम काढणाऱ्यास अधिक सोयीचें असतें. गांवांत रुजलेला मनुष्य आपल्या विहिरीकडे, आपल्या झाडांकडे पाहून विचारतो कीं, या कामानें यांचें पुढें काय होणार? चाकांवर आलेल्या मनुष्यास हा प्रश्न सुचण्यापूर्वींच त्याचा हिशेब चुकता होतो. हॅनफर्डला तो प्रश्न ज्यांनीं विचारला असता, त्यांना पहिल्याच वर्षीं तेथून उठविण्यांत आलें होतें. आजही धरणें, खाणी वा तेलाच्या विहिरी यांच्या बांधकामावर चाकांवरचीं घरें उभीं राहतात. त्यांतील माणसांच्या सुखसोयींची चौकशी झालीच पाहिजे. पण त्यांच्या आधीं तेथें कोण राहत होतें, याचीही व्हावी.

2015 सालीं हॅनफर्डच्या कांहीं भागाचा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानांत समावेश झाला. हजारों ट्रेलरांचा तो तळ तेथें आतां नाहीं. फळबागांच्या मालकांनीं आपल्या मुलांसाठीं बांधलेल्या शाळेच्या चार भिंती मात्र अजून उभ्या आहेत.