पाणी न काढणारा पंप

गाडीच्या भागांपैकी सगळ्यात जास्त गैरसमज कशाबद्दल असतील तर ते शॉक ॲब्सॉर्बरबद्दल. पहिला गैरसमज तर नावातच आहे. धक्का झेलतात ते स्प्रिंग आणि पाटे. शॉकअप (गॅरेजमध्ये पूर्ण नाव कोणी घेत नाही, मीही घेणार नाही) त्याच्या नंतरचं काम करतो. एकदा दबलेली स्प्रिंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा या वेगाने वर-खाली नाचत राहते, तिला तो गप्प बसवतो. इंग्लंडातले लोक त्याला डँपर म्हणतात, ते जास्त बरोबर आहे.

आता तो आतून कसा असतो बघा. एक सिलिंडर, त्यात दट्ट्या, दट्ट्याला व्हॉल्व्ह, आणि सगळीकडे तेल. म्हणजे हा चक्क पंप आहे! फरक एवढाच की हा पंप काहीच कुठे नेत नाही. दट्ट्याच्या एका बाजूचं तेल बारीक भोकांतून दुसऱ्या बाजूला जातं आणि परत येतं. त्या भोकांतून जाताना तेल तापतं, आणि गाडीच्या उड्या मारण्यातली ताकद उष्णता होऊन हवेत जाते. संपलं. खराब रस्त्यावरून तासभर गाडी हाणून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा (जपून लावा).

मी गेले काही महिने जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या शॉकअपबद्दल मिळेल ते वाचतोय. वाचता वाचता लक्षात आलं की या यंत्राचा शोध जरी फ्रान्स-अमेरिकेत लागला असला, तरी त्याला उघडून पुन्हा जिवंत करायला लागतो तो हात सातारा-सांगलीकडे शंभर वर्षांपासून तयार होतोय. कारण हा भाग पंपांचा आहे. ते कसं, हे सांगायला आधी थोडं मागे जावं लागेल.

सुरुवातीच्या मोटारींना शॉकअप नव्हतेच. टांग्याच्या कमानी तशाच्या तशा मोटारीला आल्या. पाट्यावर पाटा घासतो आणि त्या घर्षणाने उड्या थोड्या आवरतात, टांग्याच्या वेगाला तेवढं पुरतं. मोटारीचा वेग वाढला तसं ते पुरेना. मग फ्रान्समध्ये त्रुफो आणि अमेरिकेत हार्टफर्ड यांनी घर्षणाचे शॉकअप आणले: दोन दांडे, मध्ये चकत्या, आणि वरून आवळायचा बोल्ट. क्लॉड फॉस्टर नावाच्या गृहस्थाने आणखी सोपी युक्ती केली, स्प्रिंगभोवती गुंडाळलेला पट्टा. हा माणूस आधी मोटारीचे सुरेल भोंगे बनवायचा, म्हणून कंपनीचं नाव देवदूताच्या तुतारीवरून गॅब्रिएल. तेच नाव १९६१ साली मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया म्हणून आलं आणि आपल्याकडच्या पिढ्यान् पिढ्यांनी ते शॉकअपवर वाचलं. देवदूत राहिला बाजूला.

घर्षणाच्या शॉकअपमध्ये एक मूळचाच दोष होता. घर्षण वेग बघत नाही. चाक हळू हललं काय आणि जोरात आपटलं काय, विरोध जवळपास तेवढाच. उलट सुरुवातीला चिकटून बसतं ते वेगळंच. तेलाचं तसं नाही. हळू ढकललं तर वाट देतं, जोरात ढकललं तर अंगावर येतं. म्हणून मोरिस उदाय या फ्रेंच माणसाचे तेलाचे शॉकअप पुढे जिंकले. फोर्डच्या मॉडेल टीला शॉकअपच नव्हते, १९२७ साली आलेल्या मॉडेल एला चारही चाकांना उदायचे तेलाचे शॉकअप होते. वीस वर्षांत एवढा फरक.

यानंतर दोन घराणी झाली. एक, आज आपण सगळीकडे बघतो ते नळकांड्याचं, दुर्बिणीसारखं आत-बाहेर सरकणारं. दुसरं आता विस्मरणात गेलेलं, दांडीवालं. यात चेसिसला एक ओतीव डबी बोल्टने बसवलेली असते. डबीतून एक दांडी बाहेर येते. चाक हललं की दांडी हलते, आणि आत दोन छोटे दट्टे तेल इकडून तिकडे ढकलतात. इंग्रजी गाड्यांचं हे लाडकं. आर्मस्ट्राँग कंपनीचे असे शॉकअप एमजीबी या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीला १९६२ पासून १९८० मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत होते. आता गंमत ऐका. मुंबईच्या कुर्ल्यात १९५४ पासून बनणाऱ्या फियाट ११०० ला, म्हणजे पुढे जी पद्मिनी झाली तिला, पुढे-मागे नळकांड्याचे शॉकअप होते. म्हणजे या एका बाबतीत आपली काळी-पिवळी टॅक्सी एमजीबीच्या पुढे होती!

पण दांडीवाला शॉकअप आपल्या मेकॅनिकांना परका नव्हता. अँबॅसिडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिच्या सुरुवातीच्या मॉडेलांना याच जातीचे शॉकअप होते. त्यामुळे एखाद्या संस्थानिकाची किंवा डॉक्टरांची एमजी गॅरेजमध्ये आली, तर तिच्या पोटात काय निघणार हे अँबॅसिडर उघडलेल्या माणसाला ठाऊक असे. आणि उघडण्यावाचून पर्यायही नव्हता. १९५० च्या दशकात सरकारने नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना बाहेरची वाट दाखवली, जनरल मोटर्स आणि फोर्ड गेले. त्यानंतर आयातीचं लायसन्स, कोटा, परकीय चलन. एमजीचा नवा शॉकअप विलायतेहून मागवणं म्हणजे शॉकअपच्या किमतीपेक्षा अर्जांचाच खर्च जास्त. जुन्यालाच नवा करा.

आता येऊ कृष्णाकाठी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते: बेळगावला सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. त्या माळावर ओतकाम आलं, लेथ आले आणि १९२० च्या दशकात पंप आले. दुसरं नाव धनजीशा कूपर. यांचा कारखाना सातारा रोडला, १९२२ चा. (सातारा रोड हे पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन, कोरेगाव तालुक्यातलं. सातारा समजून तिथे उतरलेल्यांबद्दल मला सहानुभूती आहे.) तिथेही नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं. हेच कूपर १९३७ साली तीनेक महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. त्यांचा सातारा रोडचा कारखाना पुढे वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. वालचंद म्हणजे १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारे, त्या कुर्ल्याच्या फियाटचे. आणि सांगलीचं १९४७ साली सुरू झालेलं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ पासून ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते हेच. विश्रामबागच्या स्टॉपवर उतरणाऱ्या पोरांना ते नाव नुसतं कॉलेजचं वाटतं.

पण मला महत्त्वाची वाटते ती या मोठ्या नावांच्या खालची गोष्ट. पंप आणि इंजिन शेतात गेलं की ते बिघडतंच. शाफ्ट झिजतो, बुश ढिलं होतं, सील गळतं. उसाला पाणी तर द्यायचंच असतं, नवा पंप घ्यायला पैसे नसतात. म्हणून कराड, इस्लामपूर, तासगाव, मिरज, कुठेही जा, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक लेथवाला असतोच. शाफ्टवर धातू चढवून परत कातणं, पितळी बुश ठोकणं, सील बसवणं ही त्याची रोजची भाकरी. आणि दांडीवाला शॉकअप झिजतो तो नेमका तिथेच: दांडीचा शाफ्ट डबीत जिथे फिरतो ती जागा. तिथून तेल गळतं, तेलाच्या जागी हवा शिरते, तेल फेसाळतं, आणि फेस कसला विरोध करणार.

उपाय तोच, पंपाचा. डबी रिकामी करून, धुऊन, शाफ्टची जागा बोअर करायची, पितळी बुश बसवून शाफ्टच्या मापाला रीमरने जुळवायचं, आजच्या चांगल्या रबराचं सील घालायचं. शाफ्टला चर पडले असतील तर हार्डक्रोम करून ग्राइंड. एमजीबीत हे काम आणखी नाजूक, कारण पुढच्या चाकांना शॉकअपची दांडी हीच सस्पेन्शनची वरची आर्म असते. म्हणजे बुश अर्धा मिलिमीटर ढिलं झालं तर नुसती गळती होत नाही, चाकाचा कलच बदलतो आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. गाडी ओढते म्हणून लोक अलाइनमेंट करत बसतात, आणि दोष असतो या डबीत.

इथपर्यंत दुरुस्ती झाली. यापुढे येतं ते ट्यूनिंग, आणि स्पोर्ट्स गाडीची खरी मजा तिथे आहे.

शॉकअपचं काम दोन दिशांना चालतं. चाक वर येताना आणि चाक खाली जाताना. वर येताना फार विरोध केला तर खड्डा थेट पाठीत बसतो. खाली जाताना मात्र दबलेली स्प्रिंग आवरायची असते, म्हणून तिकडे विरोध जास्त ठेवतात, साधारण दुप्पट ते तिप्पट. शिवाय वेगाचा हिशेब वेगळा. वळणावर गाडी कलते तेव्हा दट्ट्या हळू सरकतो, खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा सपकन. चांगला शॉकअप कलण्याला घट्ट आणि खड्ड्याला सैल असायला हवा. ही भांडणं मिटवतो तो व्हॉल्व्ह. दांडीवाल्या शॉकअपची खासियत अशी की हा व्हॉल्व्ह डबीच्या बुडाशी एका मोठ्या नटाच्या मागे असतो. नट काढला, स्प्रिंगांवर थोडं पॅकिंग दिलं की स्वभाव बदलला. डबी न उघडता! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, सोर्स कोड सोबत दिलेला आहे.

मिरजेच्या सतारवाल्यांची जवारी ज्यांनी काढताना बघितली असेल त्यांना हे लगेच कळेल. घोडीचा माथा कानसेने केसभर घासायचा, तार छेडून ऐकायचं, परत केसभर. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. दुरुस्तीला आलेल्या वाद्यांवरून ते वाद्य घडवायला शिकले. दुरुस्ती करता करता रचना कळणं ही या भागातली जुनी वाट आहे.

नवशिक्यांचा मोह असा की व्हॉल्व्हला हात न लावता जाड तेल भरायचं. गाडी एकदम घट्ट वाटते, मित्रांना बसवून दाखवता येतं. पण जाड तेल दोन्ही दिशांना आणि सगळ्या वेगांना जाड. खाली जाण्याचा विरोध फाजील झाला तर एक मजेशीर अपघात घडतो. हायवेवर एकापाठोपाठ एक आखलेले गतिरोधकाचे पट्टे आठवा. पहिल्या पट्ट्यावर चाक वर दबलं, खाली यायच्या आत दुसरा पट्टा आला, मग तिसरा. प्रत्येक पट्ट्याला गाडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी स्प्रिंग संपते, रबरी ठोकळ्यावर आपटते. मालक म्हणतो स्प्रिंग कमजोर आहे, आणि आणखी कडक स्प्रिंग टाकतो. असो.

कुठल्या रस्त्यासाठी ट्यून करायचं हाही प्रश्न आहेच. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढायचा, किंवा वाईहून पसरणी, तर हळू कलण्याचा विरोध चांगला हवा. वळणावर वळण आहे, डांबर बरं आहे. तीच गाडी सांगलीकडे काळ्या मातीच्या पट्ट्यात नेली की चित्र उलटं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. लांब लाटेवर गाडीला तरंगू द्यायचं नाही, आणि मधल्या खड्ड्यात आपटूही द्यायचं नाही. माझं मत विचाराल तर सांगलीच्या रस्त्याला जमलेली गाडी घाटात चालते, घाटासाठी आवळलेली सांगलीत पाठ मोडते.

आता वादाचा मुद्दा. एमजीबीचे बरेच मालक दांडीवाले शॉकअप निष्प्रभ करून नळकांड्याचे आधुनिक शॉकअप बसवायची किट घेतात. कामाला वाईट नसतं ते. पण पुढच्या बाजूला वरची आर्म म्हणून जुनी डबी ठेवावीच लागते, म्हणजे तिचं झिजलेलं बुश तसंच राहतं. मूळ दुखणं तिथेच, वर नवा खर्च. शिवाय नवा शॉकअप बंद डब्यासारखा असतो. गळला की फेका. आपल्याकडे तोही लेथवर कापून, सील-तेल बदलून, वेल्ड करून चालवणारे आहेत, आणि साध्या दोन नळ्यांच्या शॉकअपचं ते जमतंही. पण एक कळकळीची विनंती: नायट्रोजनच्या दाबाचा शॉकअप कोणाला ग्राइंडरने कापू देऊ नका. १९५० च्या दशकात द कार्बों या फ्रेंच इंजिनिअरच्या कल्पनेतून आलेली ही जात उत्तम आहे, तेल फेसाळतच नाही, पण आत दाब वीस-पंचवीस वातावरणांचा असतो.

म्हणून मी दांडीवाल्याच्या बाजूचा. बुश, सील, आणि मोटरसायकलच्या फोर्कचं वीस नंबरचं तेल (ब्रेक ऑइल चुकूनही नाही). भरताना डबी व्हाइसमध्ये सरळ उभी धरायची, झाकण उघडं ठेवायचं आणि दांडी वर-खाली, वर-खाली, पूर्ण फेरा, सावकाश. आधी दांडी मध्येच सैल पडते, ती हवा. बुडबुडे येतात, तेल खाली जातं, पुन्हा भरायचं. दहा-बारा फेऱ्यांनंतर दांडी दोन्हीकडे सारखी जड लागायला लागते. मग झाकण.