गुपचूप फिक्स

क्वालिटीचं खातं एकीकडे, सेफ्टीचं दुसरीकडे, आणि दोघांच्या फायली तिसरीकडे! बहुतेक कंपन्यांत असंच असतं. गुणवत्तेचं मानक आयएसओ ९००१ आलं १९८७ साली. कामगारांच्या सुरक्षिततेचं आयएसओ ४५००१ यायला २०१८ उजाडलं. मालानंतर माणसाचा नंबर लागायला ३१ वर्षं.

गंमत म्हणजे त्याच १९८७ मध्ये एका माणसाने ही दोन खाती एकत्र बांधायला घेतली होती. पॉल ओनील, अमेरिकेतल्या अल्कोआ या अ‍ॅल्युमिनियम कंपनीचे नवे सीईओ. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात हा गृहस्थ नफ्याऐवजी कामगारांच्या दुखापतींवर बोलला. ऐकणाऱ्यांपैकी एकाने बाहेर येऊन आपल्या ग्राहकांना शेअर विकायला सांगितलं म्हणे.

पण ओनील यांचं गणित साधं होतं. कामगार का भाजला हे शोधायचं तर वितळलेला धातू का उडाला हे शोधावंच लागतं. आणि धातू उडतोय म्हणजे मालही वाया जातोय. सारखं बिघडणारं मशीन हातही तोडतं आणि मालही खराब काढतं. रूट कॉज एकच! म्हणून नियम केला: दुखापत झाली की २४ तासांत त्या विभागाच्या प्रमुखाने थेट ओनीलना कळवायचं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. आता साहेबाला २४ तासांत कळायचं तर फोरमनला तासाभरात कळायला हवं, नाही का? बातमी खालून वर जायचे रस्ते त्यातूनच मोकळे झाले. काम बुडवणाऱ्या दुखापती वर्षाला १०० कामगारांमागे १.८६ होत्या, त्या २००० पर्यंत ०.२ च्या आसपास आल्या. नफाही वाढला, पण ते असो.

मला जास्त भिडला तो १९९६ चा किस्सा. मेक्सिकोतल्या सिउदाद आकुन्याच्या प्लांटमध्ये विषारी वायूने कामगार आजारी पडले होते. भागधारकांच्या सभेत एका ननने उठून जाब विचारला. चौकशीत निघालं की बिघाड प्लांटने केव्हाच दुरुस्त केला होता, फक्त वर कळवलं नव्हतं. विभागाचा प्रमुख कंपनीतला बडा, धंदा उत्तम चालवणारा अधिकारी. ओनीलनी त्याला काढलं. दुरुस्ती झाली होती हो, पण बाकीचे प्लांट त्यातून शिकणार कसे?

हे वाचताना मला आठवली ती माझीच एक शुक्रवारची संध्याकाळ. प्रॉडक्शनमधला बग गुपचूप फिक्स केला, तिकीट न टाकता घरी गेलो. दोन आठवड्यांनी तोच बग दुसऱ्या टीमला सापडला. रात्री दोन वाजता.