शुभमंगल सावधान!

जेवणं उरकली असतील, भांडी व्हायची असतील. ती घासता घासता ऐकलं तरी चालेल. आज आपण एका शब्दाची गोष्ट बोलणार आहोत: सावधान.

हा शब्द आपण सगळ्यांनी आंतरपाटामागे उभं राहून ऐकला. डोक्यावर अक्षता पडत होत्या, वाजंत्री वाजत होती. कशापासून सावध, कशासाठी सावध, हे कुणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही.

आपल्या भागात या शब्दाची एक जुनी कथा सांगतात. जांब गावच्या नारायण नावाच्या मुलाने बाराव्या वर्षी बोहल्यावर हा शब्द ऐकला आणि तो तिथून पळाला. तोच मुलगा पुढे समर्थ रामदास झाला. जन्म 1608 चा. पुढे त्यांनी चाफळला राममंदिर उभारलं. उंब्रज, मसूर, शिराळा, बहे अशा आपल्याच गावांत मारुती बसवले. शेवटची वर्षं सज्जनगडावर काढली आणि 1682 मध्ये तिथेच देह ठेवला. दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ तिसरं महत्त्व त्यांनी सावधपणाला दिलं, तेही सगळ्याच बाबतीत.

पण आम्हाला एक प्रश्न पडतो. मुलगा पळाला. आंतरपाटाच्या पलीकडची मुलगी कुठे पळणार होती? तिला जागं व्हायचं तर घरात राहूनच व्हावं लागणार.

तशा बायका झाल्या. मिरजेच्या वेणाबाई लहानपणीच विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीने कोपऱ्यात बसून दिवस काढायचे. वेणाबाई पोथी वाचत आणि वाचलेल्याचा अर्थ विचारत. समर्थ भिक्षेला आले तेव्हा त्यांनाही तिने प्रश्न विचारले, असं परंपरा सांगते. लोकांनी नावं ठेवली, पण ती मागे हटली नाही. पुढे तिने सीतास्वयंवर लिहिलं आणि लोकांसमोर उभं राहून कीर्तन केलं. मिरजेतला तिचा मठ आजही आहे आणि समाधी सज्जनगडावर आहे.

दुसरी अक्काबाई. समर्थांच्या मागे गडावरचा कारभार पाहणाऱ्यांत ती होती. 1700 साली औरंगजेबाच्या फौजेने हा गड घेतला, इतका तो काळ धामधुमीचा. मठ चालवायचा म्हणजे धान्य किती आलं, पंगतीला किती बसणार, दिव्याला तेल आहे का, हे रोज पाहायचं. मन दुसरीकडे गेलं की तव्यावरची भाकरी करपते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हातातल्या कामावर मन ठेवणं हाही सावधपणाच.

आता खंडाळा तालुक्यातल्या नायगावला येऊ. सावित्रीबाई फुले इथल्या, जन्म 3 जानेवारी 1831. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. म्हणजे सावधान म्हटलं तेव्हा त्याही लहानच होत्या. पण पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि अंगावर शेण पडलं तरी शाळेत जात राहिल्या. 1873 मध्ये सत्यशोधक समाज निघाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, त्यात सावित्रीबाईंचा पुढाकार होता. जोतीरावांनी त्या लग्नांसाठी नवी मंगलाष्टकं लिहिली. त्यांत नवरी गप्प उभी राहत नाही. ती नवऱ्याकडे स्त्रियांचे हक्क मागते आणि नवरा सगळ्यांदेखत वचन देतो. पुढे आपल्या सातारा जिल्ह्यात ही चळवळ गावोगाव पोचली.

पाहा, मुलगा सावध झाला तो पळाला. नवरी सावध झाली ती जागेवर उभी राहून बोलली.

आणि आपण? आमच्या गटाचीच गोष्ट सांगतो. एका कंपनीचा माणूस कर्जाचे कागद घेऊन आला. कुणाची धार काढायची राहिली होती, कुणाचं पोर रडत होतं. आम्ही भराभर सह्या केल्या, अंगठे उठवले. पहिला हप्ता आला तेव्हा कळलं की कर्जातून विम्याचे पैसे आधीच कापून घेतलेत. त्या माणसाने सांगितलं नाही हे खरं. पण आम्ही विचारलं नाही हेही खरं. सही करताना हात तिथे होता, मन गोठ्यात होतं.

तेव्हापासून आमच्या बैठकीत एक रीत पडली. सहीआधी सगळ्यांनी कामाचा विचार बाजूला ठेवून दोन मिनिटं शांत बसायचं. मग एकीने कागद मोठ्याने वाचायचा. न कळलेला शब्द विचारल्याशिवाय पेन उचलायचं नाही. पहिल्यांदा हसू आलं. आता आमची सगळ्यात म्हातारी मावशीच आधी विचारते, "बाई, ह्यात काय लिवलंय?"

उद्या भाकरी थापताना, धार काढताना, गटाच्या वहीवर सही करताना हा शब्द एकदा मनात म्हणून पाहा. आंतरपाट कधीच दूर झालाय. आता तो शब्द आपला आपणच म्हणायचा आहे.